जळालेल्या माळाखाली काय जिवंत असतं

 

फाल्गुन लागला की आपल्याकडे दोन गोष्टी एकदम दिसायला लागतात. पळस लाल होतो आणि माळ काळे होतात. मेहकर-मालेगाव रस्त्याने एसटीतून जाताना खिडकीतून बघा. काल पिवळं गवत डोलत होतं तिथे आज राख असते. ई-क्लासची जमीन असो, डोंगराचा उतार असो की शेताचा धुरा असो, कुणीतरी काडी लावलेली असते. कुणी लावली ते कधी कळत नाही. विचारलं की एकच उत्तर येतं, "जाळलं की गवत चांगलं येतं बाई. आमच्या आज्याच्या काळापासून असंच आहे."

हे आज्याचं म्हणणं खोटं नाही. पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं काय आहे, ते आज सांगायचं आहे. कारण वैरण कमी पडली तर भारा शोधायला तीन कोस कुणाला जावं लागतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

आधी गवत मरत का नाही ते बघू. तूर घ्या किंवा बोराचं रोप घ्या. त्याची वाढ शेंड्याला होते. शेंडा खुडला की वाढ तिथे थांबते, मग बाजूने फांद्या फुटतात. गवताचं तसं नसतं. गवताचा वाढायचा डोळा खाली, जमिनीला टेकून असतो, बऱ्याच जातींत तर मातीच्या आतच असतो. पातं वाढतं ते बुडाकडून, वर ढकललं जातं, आपल्या डोक्यावरच्या केसांसारखं. केस वरून कापले तरी वाढतात, कारण वाढ मुळाशी आहे. म्हणून विळ्याने कापलेलं गवत आठ दिवसांत परत फुटतं, शेळीने खाल्लेलं फुटतं आणि जळालेलंही फुटतं. गवतासाठी या तिन्ही गोष्टी जवळपास सारख्याच आहेत, वरचं जाणं आणि खालचं राहणं.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. मार्गशीर्ष-पौषात गवत पिवळं पडतं तेव्हा ते मरत नाही, झोपतं. पिवळं होण्याआधी पात्यातला बराचसा कस ते खाली बुडात आणि मुळांत उतरवून ठेवतं. वर राहतात ती रिकामी, वाळलेली पाती. त्यामुळे फाल्गुनात आग लागते तेव्हा जळतो तो गवताचा उतरवून ठेवलेला जुना कपडा. अंग मातीत असतं.

आता कुणी म्हणेल, एवढी आग वरून गेली तर माती तापणार नाही का? तापते, पण फार खोल नाही. कोरडी माती उष्णता खाली जाऊ देत नाही. वाळलेल्या गवताची आग झपाट्याने पुढे पळते, एका जागी फार वेळ थांबत नाही. वर शेकडो अंशांची धग असली तरी बोट-दोन बोटं खाली माती थोडीशीच गरम होते. आपण चुलीवरचा तवा क्षणभर बोट लावून बघतो आणि भाजत नाही, पण तिथेच हात ठेवला तर कातडी निघेल. फरक वेळेचा आहे. म्हणूनच माळावर जिथे वाळलेलं लाकूड पडलेलं असतं, शेणाचा ढीग असतो किंवा तुराट्या-पऱ्हाटीचा गंज असतो, तिथे आग तासन् तास धुमसते आणि त्या जागेची माती विटेसारखी लाल होते. तिथे त्या पावसाळ्यात गवताचं पातं सापडत नाही. गंज जळालेल्या जागी पुढच्या वर्षी टक्कल राहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, त्याचं कारण हे.

आम्ही काही जणींनी जळालेल्या माळावर एक ठोंब खुरप्याने खोदून पाहिला होता. वरून अगदी कोळसा. हाताने राख झटकली, जळालेली खोडकं बाजूला केली, तर मधोमध पांढरट-हिरवे डोळे, उसाच्या कांड्यावर असतात तसे, पण बारीक. बाहेरची दाट खोडकं जळून गेली आणि त्यांनी आतल्यांना वाचवलं. पवन्या, कुसळी, तिखाडी ही गवतं अशी ठोंबाने वाढतात. त्यांची घट्ट बांधणी हीच त्यांची ढाल. तिखाडी म्हणजे तेच वासाचं गवत, ज्याचं तेल सांधे दुखले की आपण चोळतो. हरळीची गोष्ट वेगळी. तिच्या गाठी-गाठींच्या काड्या मातीत पसरलेल्या असतात, वर आग जाऊ दे नाहीतर नांगर जाऊ दे, ती हसते. लव्हाळ्याला खाली गाठी असतात. निंदणाला बसलेल्या बाईला हे सांगायची गरज नाही, तिने तोंडभर शिव्या देऊन ते शिकलेलं असतं.

गवताशिवायही माळावर बरंच काही मातीत दडलेलं असतं. कटुल्याचा वेल दरवर्षी वाळून जातो, पण खाली कंद राहतो. पहिल्या-दुसऱ्या पावसात तोच वर येतो. म्हणून ज्या बांधावर गेल्या वर्षी कटुले मिळाले तिथेच यंदाही मिळतात. मुसळीचंही तसंच. बोराचं झुडूप बुडापर्यंत जळलं तरी मुळातून धुमारे फुटतात. पळस तर आगीचा जुना सोबती आहे. साल जाड, मुळं खोल, लहानपणी दहा वेळा जळूनही अकराव्यांदा फुटतो. जंगलाकडच्या भागात तेंदूची झुडपं जळाली की मुळापासून नवी, कोवळी, मोठी पानं येतात. विडीला तीच पानं हवी असतात, म्हणून तिथे तेंदूच्या हंगामाआधी मुद्दाम आगी लावल्या जातात.

बियांचेही आपापले मार्ग आहेत. सगळ्यात हुशार कुसळी. लुगड्याच्या काठात घुसलेलं कुसळ काढता काढता आपली नखं तुटतात, ती खरं तर कुसळीची पेरणीची तिफण आहे. बीच्या टोकाला भाल्यासारखं अणकुचीदार तोंड आणि मागे लांब पीळ पडलेली शेपटी. हवा दमट झाली की शेपटीचा पीळ सुटतो, कोरडी झाली की परत बसतो. असं रात्री-दिवसा फिरत फिरत बी स्वतःला मातीत बसवतं, गिरमिटासारखं. बी एकदा मातीत गेलं की वरची आग त्याचं काही करू शकत नाही. घरी करून पाहा, एक सुकं कुसळ तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. ते वळवळायला लागतं, पोरं तर ओरडतात.

बाभूळ, तरोटा यांच्या बियांचं कवच इतकं कडक असतं की पाणी आत शिरत नाही. रोपवाटिकेत काम केलेल्या बायांना माहीत आहे, बाभळीचं बी गरम पाण्यात टाकून मग भिजत घालावं लागतं, नाहीतर महिनोन् महिने उगवत नाही. आगीची धगही काही बियांना तेच करते, कवच तडकवते. आणि एक नवल सांगतो. 2004 साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी धुरातला एक पदार्थ शोधून काढला, ज्याचा अंश पाण्यात मिसळला तरी कितीतरी वनस्पतींचं झोपलेलं बी जागं होतं. त्या पदार्थांच्या कुळाला पुढे त्यांनी तिथल्या आदिवासींच्या भाषेतला धुराचा शब्द घेऊन नाव दिलं, कॅरिकिन. म्हणजे आग गेली, वर जागा मोकळी झाली, आता उगवायला हरकत नाही, हा निरोप बीला धुरातून मिळतो.

हे सगळं एका दिवसात झालेलं नाही. उष्ण प्रदेशांतली अशी माळराने जगभर पसरली त्याला 70-80 लाख वर्षं झाली असं मानतात. तेव्हापासून गवताला दोनच शत्रू रोज भेटत आले, जनावराचं तोंड आणि आग. दोघांनाही पुरून उरण्याची सवय त्याच्या अंगात मुरली आहे. आपला हा माळही काल-परवाचा नाही. सरकारी कागदावर त्याला पडीक म्हणतात, जणू इथे कधीकाळी घनदाट जंगल होतं आणि कुणीतरी ते तोडलं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी 2025 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी साहित्य, गाणी, कथा चाळून त्यांनी त्यात कोणकोणत्या झाडांची, गवतांची नावं येतात ते शोधलं. पश्चिम महाराष्ट्रातले माळ निदान 750 वर्षं माळच होते, असं त्यातून दिसलं. आपल्या वऱ्हाडाचा अभ्यास तो नाही. पण चक्रधर स्वामी मेहकर-लोणारला येऊन गेले तो काळ तोच, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

मग प्रश्न उरतो, गवत मरत नाही, उलट फुटतं, तर जाळायला काय हरकत?

इथे बचत गटाचा हिशोब कामाला येतो. मुळात साठवलेला कस ही गवताची शिल्लक आहे. आगीनंतर ठोंबातून जे पहिलं हिरवं पोपटी पातं वर येतं, ते काही नवीन कमाईतून येत नाही, त्या शिलकीतून काढलेलं कर्ज असतं. पातं मोठं झालं, त्याला ऊन-पाणी मिळालं, की ते परत मुळात भर घालतं. कर्ज फिटतं. पण आपण करतो काय? माघ-फाल्गुनात जाळतो, जमिनीत थोडी ओल असली तर पंधरा दिवसांत कोवळं पातं येतं, आणि त्याच पात्यावर शेळ्या सोडतो. त्यासाठीच तर जाळलेलं असतं. शेळी ते बुडापर्यंत खाते. ठोंब दुसरं कर्ज काढतो. तेही खाल्लं जातं. पाऊस मृगात, म्हणजे अजून तीन-साडेतीन महिने लांब. तोपर्यंत शिल्लक संपते आणि जून उजाडतो तेव्हा निम्मे ठोंब उठतच नाहीत. मग लोक म्हणतात, पाऊस कमी झाला.

आगीने ठोंब मरत नाही, आगीनंतर लगेच सोडलेल्या जनावराने मरतो. ही एक गोष्ट जरी आज लक्षात राहिली तरी आमचं बोलणं वाया गेलं नाही असं समजू.

आणि सगळी गवतं आगीला सारखी तोंड देत नाहीत. पवन्या आणि मारवेल ही आपली चांगली वैरण, गाय-म्हैस आवडीने खाते. कुसळीला कोवळेपणी जनावर तोंड लावतं, पण एकदा कुसळ आलं की तोंडात, डोळ्यात, मेंढीच्या लोकरीत घुसतं, जखमा होतात. ज्या माळावर वर्षानुवर्षं आग आणि चराई दोन्ही असते, तिथे पवन्या-मारवेल मागे पडतात आणि कुसळी पुढे सरकते, कारण तिचं बी मातीत सुरक्षित आणि तिच्यावर जनावराची नजर कमी. तिच्याही पुढे गेलं की नुसती एका पावसाची तणं राहतात. म्हणजे माळ हिरवा दिसतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं गवत आलं. विळा घेऊन गेलेल्या बाईला कळतं की यात भारा भरत नाही.

जाळण्याच्या बाजूनेही बोलू. जिथे गवत पुरुषभर उंच वाढतं आणि कुणी कापत नाही, चारत नाही, तिथे जुन्या वाळलेल्या थराखाली नवं गवत गुदमरतं. अधूनमधून आग लागली तर तिथे उजेड पोचतो. आसामच्या काझीरंगात वनखातं स्वतः उंच गवत ठरवून जाळतं. आपल्या माळावर मात्र असा थर साचतो कुठे? आमच्या मते ते कारण आपल्याकडे लागूच होत नाही. इथे शेळ्या आणि आपण मिळून काही शिल्लक ठेवत नाही. राखेचं खत होतं म्हणतात, तेही अर्धंच. राखेत पोटॅश, चुना राहतो हे खरं. पण पिकाला सगळ्यात जास्त लागणारा नत्र बराचसा धुराबरोबर उडून जातो. आणि राहिलेली राख? आपला मुरमाड उतार, वैशाखातल्या वावटळी आणि मृगाचा पहिला झोडपणारा पाऊस. राख आणि तिच्यासोबत वरची चार दाणे माती ओढ्यात, ओढ्यातून पैनगंगेत.

जे फुटून परत येत नाही, ते वेगळंच. कडुनिंबाचं, आंब्याचं एक-दोन वर्षांचं रोप आगीत वाचणं अवघड. तितर, लावा, टिटवी जमिनीवर घरटी करतात. सशाची पिल्लं, सरडे, गवतातले किडे. तणमोर पक्षी पावसाळ्यात गवतात अंडी घालतो, त्याला आडोशाला उंच गवत लागतं. वाशीम जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ अभयारण्य 2000 साली काळविटांसाठी राखलं गेलं, जेमतेम 18 चौरस किलोमीटरचं, आणि तेही माळरानच आहे. माळ राखला तर त्यावर काय जगतं ते तिथे बघायला मिळतं. आपल्यापासून फार लांब नाही, गटाची सहल नेण्यासारखी जागा.

आणि धुरे. वन विभागाच्या जंगलाला आग लावणं 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण स्वतःच्या शेताचा धुरा जाळताना कुणाला काही वाटत नाही. उन्हाळवाहीच्या आधी काडी लावली की धुरा साफ, मजुरी वाचली. त्या धुऱ्यावर आपल्या सासूने लावलेला आंबा असतो, कडुनिंब असतो, बाभूळ असते. बुंध्याची एक बाजू दरवर्षी थोडी थोडी जळते, साल सुटते, आत कीड शिरते आणि एका वादळात झाड आडवं. वारा फिरला तर आग शेजाऱ्याच्या संत्र्याच्या बागेत, ठिबकच्या नळ्या वितळतात, आणि मग पाच वर्षांचं बोलणं बंद. धुऱ्यावरचं गवत पौषात कापून घेतलं तर त्यात एका शेळीचा महिना निघतो. याला मजुरी लागते हे कबूल. पण जळालेल्या ठिबकपेक्षा कमी.

आता करायचं काय, तेही सांगतो. वनखातं आगीच्या हंगामाआधी जाळरेषा काढतं. हंगाम धरला जातो 15 फेब्रुवारी ते 15 जून. जाळरेषा म्हणजे गवत काढून मोकळा केलेला पट्टा, आग तिथे आली की पुढे खायला काही मिळत नाही आणि थांबते. ई-क्लासवर हे आपण गटाने करू शकतो. पौषातच रस्त्याच्या कडेने आणि शेतांच्या बाजूने दहा-बारा हात रुंद पट्टा विळ्याने बुडापासून कापायचा. कापलेलं गवत भाऱ्याने वाटून घ्यायचं, म्हणजे मजुरीचा प्रश्नच येत नाही. बऱ्याच आगी रस्त्याकडूनच आत येतात, फेकलेल्या विडीने, म्हणून तो पट्टा आधी. त्याआधी ग्रामपंचायतीत ठराव मांडा. नाहीतर भारा वाटताना भांडण होतं.

एवढं करूनही माळ जळालाच, तर रडत बसू नका. ठोंब जिवंत आहेत. फक्त त्या तुकड्यावर जनावर सोडू नका. पाऊस सुरू झाल्यावर निदान दीड-दोन महिने, गवत गुडघ्याला लागेपर्यंत. पूर्ण माळ बंद करणं कुणाला जमणार नाही, शेळ्या कुठे न्यायच्या? तुकडे करा. जळालेला बंद, न जळालेला चालू. पुढच्या वर्षी अदलाबदल.

आग लागलेली दिसली तर 1926 हा वन विभागाचा फुकट क्रमांक आहे. विझवायला गेलात तर सुती कपडे, पायात चप्पल नाही, बूट. नायलॉनची साडी घालून आगीजवळ जाऊ नका, ती अंगाला चिकटते. आग चढावर जास्त वेगाने पळते, म्हणून आगीच्या वरच्या बाजूला उभं राहायचं नाही. कडुनिंबाच्या ओल्या डहाळ्यांनी कडेकडेने झोडपत जायचं, समोरून नाही. आधीच जळालेल्या काळ्या जागेत पाय ठेवला तर तिथे आग परत येत नाही. आणि ज्वाला कमरेच्या वर असतील तर ते काम आपलं नाही, मागे व्हा.

शेवटी गटांसाठी एक काम. यंदा जळालेल्या माळावर एक जागा निवडा आणि शेजारीच न जळालेली एक. दोन्हीकडे दोराने दोन-दोन हातांचा चौकोन आखा, चार कोपऱ्यांना चार दगड पुरा. पाऊस पडून पंधरा दिवस झाले की दोन्ही चौकोनांतले जिवंत ठोंब मोजा आणि गटाच्या वहीत लिहा. पोळ्याच्या सुमाराला परत मोजा. तेव्हा गवत फुलोऱ्यावर येऊ लागतं, ओळखायला सोपं जातं. पवन्या किती, मारवेल किती, कुसळी किती, असं वेगवेगळं मांडा. मारवेल ओळखायचं तर कांड्याच्या गाठीवर पांढरी लव बघा. कुसळी तर तुमच्या लुगड्याला स्वतःच येऊन सांगेल. वही घेऊन या, आकडे आपण इथे सगळ्यांसमोर वाचू.